आरएनए विषाणूंचे प्रयोगशाळेतील निदान : नमुन्यापासून अहवालापर्यंत

(अभ्यासलेख)

योग्य उपचाराचा पाया अचूक निदान हा होय. पावसाळा सरत आला की केज तालुक्यातील युसूफ वडगाव परिसरात तापाचे रुग्ण वाढू लागतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी बाहेर पडलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात, तेव्हा त्यांच्यापैकी काही जण प्रवासातील ताप सोबत घेऊन येतात. अंग मोडून येणे, डोके ठणकणे, सांधे धरणे, अंगावर पुरळ उठणे ही लक्षणे डेंग्यूची असू शकतात, चिकुनगुन्याची असू शकतात आणि क्वचित झिकाचीही असू शकतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत केवळ रुग्णाकडे पाहून यांतील फरक सांगणे अनुभवी वैद्यकांनाही कठीण जाते.

हा फरक केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नाही. चिकुनगुन्याचा रुग्ण सांधेदुखीने हैराण होऊन वेदनाशामक गोळी मागतो. तोच रुग्ण डेंग्यूचा असेल, तर ॲस्पिरिन किंवा आयब्रुफेनसारख्या गोळीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. झिकाचा ताप बहुधा सौम्य असतो. मात्र तो गर्भवतीला झाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणूनच विषाणू कोणता हे ओळखणाऱ्या तपासण्या कशा चालतात, त्यांचा अहवाल कधी विश्वसनीय असतो आणि कधी नसतो, याची माहिती आमच्या परिचारिका, आरोग्यसेवक, हितचिंतक व देणगीदार या सर्वांना असावी, या हेतूने हा लेख या अहवालात देत आहोत.

विषाणू आणि आरएनए

प्रत्येक सजीवाच्या जडणघडणीची माहिती न्यूक्लिक आम्लांच्या रूपाने साठविलेली असते. माणसात व जिवाणूंत हे काम डीएनए करते. विषाणूंपैकी पुष्कळांत मात्र ही माहिती आरएनएच्या रूपात असते. डेंग्यू, चिकुनगुन्या, इन्फ्ल्यूएंझा, गोवर, पोलिओ, रेबीज, यकृतशोथ ‘अ’ व ‘क’, एचआयव्ही आणि कोविड-१९ हे सर्व आरएनए विषाणूंमुळे होणारे रोग आहेत. डेंग्यूच्या विषाणूचा आरएनए सुमारे १०,७०० अक्षरांचा, चिकुनगुन्याचा सुमारे ११,८०० अक्षरांचा, तर कोविडच्या विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा असतो. या अक्षरांचा क्रम प्रत्येक विषाणूत वेगळा असतो. त्या क्रमातील एखादा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा रुग्णाच्या नमुन्यात सापडला, तर तो विषाणू त्याच्या शरीरात शिरला होता, असे खात्रीने म्हणता येते.

अडचण दोन प्रकारची असते. पहिली अशी, की नमुन्यातील विषाणूचे प्रमाण अत्यल्प असते. दुसरी अशी, की आरएनए हा अतिशय नाजूक पदार्थ आहे. त्याचे तुकडे करणारी आरएनेज नावाची विकरे आपल्या त्वचेवर, घामात, धुळीत, सर्वत्र असतात. ही विकरे इतकी चिवट असतात, की पाणी उकळल्यानेही ती पूर्णपणे निकामी होत नाहीत. उघड्या हाताचा एक स्पर्श किंवा उन्हात राहिलेली एक पेटी नमुन्यातील पुरावा नाहीसा करू शकते.

जुनी पद्धत आणि तिची मर्यादा

पूर्वी विषाणू ओळखण्यासाठी तो वाढवावा लागे. रुग्णाचे रक्त उंदराच्या नवजात पिलांत टोचून किंवा पेशीसंवर्धनात घालून कित्येक दिवस वाट पाहिली जाई. पुणे येथे १९५२ साली विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. याच केंद्राने १९६५ साली नागपूर परिसरातील तापाच्या साथीचा अभ्यास केला. ती साथ डेंग्यू आणि चिकुनगुन्याची होती. तथापि रुग्णांचे नमुने तपासताना त्यांत एक निराळाच विषाणू हाती लागला. नागपूरजवळच्या वस्तीवरून त्याला चांदिपुरा हे नाव मिळाले. हाच चांदिपुरा विषाणू २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत घातक ठरला. एका साथीच्या आड दुसरा विषाणू लपलेला असू शकतो, हा धडा महाराष्ट्राच्याच भूमीने दिला आहे.

रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा ही तपासणी स्वस्त व सोपी आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तयार केलेले डेंग्यू व चिकुनगुन्याचे आयजीएम संच शासकीय रुग्णालयांतून वापरले जातात. परंतु प्रतिपिंडे म्हणजे विषाणू नव्हे. ती विषाणूविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया होय. ती तयार होण्यास साधारणतः पाच दिवस लागतात. शिवाय डेंग्यू व झिका हे एकाच कुळातील विषाणू असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तपासणीत भ्रम निर्माण करू शकतात. आजाराच्या आरंभी, जेव्हा निर्णय घ्यावयाचा असतो, तेव्हा प्रत्यक्ष विषाणूचा आरएनए शोधणे हाच अधिक खात्रीचा मार्ग ठरतो.

आरटी-पीसीआर : चार पायऱ्या

कोविडच्या काळात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यामागील क्रिया चार पायऱ्यांत समजावून घेता येते.

*पहिली पायरी : आरएनए वेगळा करणे.* नमुन्यात रक्तपेशी, प्रथिने, श्लेष्मा असे बरेच काही असते. ग्वानिडिनियम थायोसायनेट या रसायनाने विषाणूचे आवरण फुटते आणि आरएनेज विकरेही निकामी होतात. मग मोकळा झालेला आरएनए सिलिकेच्या पृष्ठभागाला चिकटतो. बाकीचा गाळ धुऊन टाकल्यावर शुद्ध आरएनए पाण्यात उतरवून घेतात. ही पद्धत बूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली आणि आजही बहुतेक संच तिच्यावरच आधारलेले आहेत. येथे सुरक्षिततेची एक बाब सांगणे अगत्याचे आहे. हे रसायन सोडियम हायपोक्लोराइटच्या संपर्कात आल्यास विषारी वायू तयार होतो. म्हणून अशा नळ्यांवर निर्जंतुकीकरणाचे ब्लीच कदापि ओतू नये.

*दुसरी पायरी : आरएनएचे डीएनएमध्ये रूपांतर.* पुढील क्रियेसाठी डीएनए लागतो. आरएनएवरून डीएनए लिहिणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे काम करीत १९७० साली शोधले. १९७५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले. ‘आरटी’ ही दोन अक्षरे याच विकराची आहेत.

*तिसरी पायरी : वृद्धी.* कॅरी म्युलिस यांना १९८३ साली सुचलेल्या पीसीआर पद्धतीत मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून डीएनएचे दोन धागे सुटे केले जातात. तापमान सुमारे ५५ ते ६० अंशांवर आणले, की प्रायमर नावाचे छोटे तुकडे नेमक्या जागी जाऊन बसतात आणि विकर त्यांच्यापासून नवा धागा विणू लागते. प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या दुप्पट होते. एका प्रतीपासून आरंभ केला, तर दहा आवर्तनांनंतर १,०२४, वीस आवर्तनांनंतर दहा लाखांहून अधिक आणि तीस आवर्तनांनंतर शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. एवढी उष्णता सोसणारे विकर गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळाले, ही निसर्गाची किमया म्हणावी लागेल.

*चौथी पायरी : प्रकाशाने ओळख.* नमुन्यासोबत प्रोब नावाचा एक तुकडा घातलेला असतो. त्याला चमकणारे रसायन जोडलेले असते. विषाणूचाच क्रम वाढत असेल, तर प्रोब तुटतो आणि प्रकाश दिसू लागतो. यंत्र हा प्रकाश प्रत्येक आवर्तनाला मोजते. प्रायमर आणि प्रोब हे तिन्ही तुकडे नेमक्या क्रमावर बसले तरच प्रकाश पडतो. म्हणून ही तपासणी एका विषाणूला दुसऱ्यापासून सहज वेगळे करते. निरनिराळ्या रंगांचे प्रोब वापरून एकाच नळीत डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका या तिघांचा शोध घेता येतो.

अहवाल कसा वाचावा

ज्या आवर्तनाला प्रकाश ठरावीक मर्यादा ओलांडतो, त्या आवर्तनाच्या क्रमांकास सीटी मूल्य म्हणतात. विषाणू जितका अधिक, तितके सीटी मूल्य कमी. सुमारे ३.३ आवर्तनांचा फरक म्हणजे विषाणूच्या प्रमाणात दहापट फरक होय. २०२१ साली महाराष्ट्रात कोविडच्या संदर्भात ही मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३५ हीच मर्यादा कायम ठेवण्याचा सल्ला दिला. मर्यादा २४ केली असती, तर संसर्ग असलेले अनेक रुग्ण निर्दोष ठरून मोकळे फिरले असते. सीटी मूल्य हे नमुना कसा घेतला, कोठून घेतला व कोणता संच वापरला यांवरही अवलंबून असते. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून रुग्णाच्या आजाराची तीव्रता ठरवू नये.

प्रत्येक तपासणीसोबत काही नियंत्रण नमुने चालवावे लागतात. ज्यात विषाणू निश्चित आहे असा एक, ज्यात केवळ पाणी आहे असा एक आणि रुग्णाच्या नमुन्यातील मानवी जनुक शोधणारा एक. तिसऱ्या नियंत्रणाचे महत्त्व विशेष आहे. नमुन्यात मानवी पेशीच सापडल्या नाहीत, तर स्वॅब नीट घेतलाच गेला नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी ‘विषाणू आढळला नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘नमुना पुन्हा पाठवावा’ असे कळविणे उचित ठरते.

पीसीआरची अफाट संवेदनशीलता हीच तिची दुबळी बाजूही आहे. तपासणी झालेल्या एका नळीत कोट्यवधी प्रती असतात. ती नळी उघडली गेली, तर त्या हवेत पसरून पुढील निरोगी माणसाचा अहवालही सदोष करू शकतात. म्हणून प्रयोगशाळेत मिश्रण तयार करण्याची, आरएनए वेगळा करण्याची व वृद्धीची खोली निरनिराळी असते आणि काम एकाच दिशेने पुढे सरकते. शेवटच्या खोलीतील व्यक्ती त्याच अंगरख्यानिशी पहिल्या खोलीत परतत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आरएनएचे अवशेष विषाणू मेल्यानंतरही काही काळ शरीरात राहतात. त्यामुळे बरा झालेला रुग्णही काही आठवडे ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. सापडलेला आरएनए म्हणजे जिवंत विषाणू असेलच, असे नाही.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

मराठवाड्याला चिकुनगुन्या नवा नाही. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली त्याची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके देशात हा रोग मोठ्या साथीच्या रूपाने दिसला नाही. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी आरएनएची अक्षरे वाचून जुन्या व नव्या विषाणूंची तुलना केली. बार्शीचा विषाणू आशियाई वंशाचा होता, तर २००६ चा विषाणू आफ्रिकी वंशाचा निघाला. याहून उद्बोधक गोष्ट अशी, की पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांतून मिळालेला विषाणूही आफ्रिकी वंशाचाच होता. म्हणजे साथ भडकण्याच्या पाच वर्षे आधीच तो आपल्या दारात येऊन ठेपला होता. आरएनए तपासणी रुग्णाचे निदान तर करतेच. रोग कोठून व केव्हा आला याचा मागही ती काढते.

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावाचे. जुलै २०२१ मध्ये तेथे तापाचे रुग्ण वाढले. प्रथम पाच नमुने पुण्याला पाठविण्यात आले, त्यांपैकी तीन चिकुनगुन्याचे निघाले. येथेच थांबले असते, तर ‘चिकुनगुन्याची साथ’ एवढीच नोंद झाली असती. परंतु संस्थेचे पथक गावात व परिसरात गेले आणि त्याने ४१ जणांचे नमुने घेतले. त्यांत २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू आणि एका महिलेस झिका असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातील झिकाची ती पहिली नोंद होय. त्यानंतर परिसरातील गर्भवतींकडे विशेष लक्ष देणे शक्य झाले. एक निदान झाले, म्हणून शोध संपला असे मानू नये, हे १९६५ च्या चांदिपुऱ्याने शिकविलेले तत्त्व बेलसरने पुन्हा सिद्ध केले.

प्रयोगशाळा गावाजवळ येत आहे

जानेवारी २०२० मध्ये देशातील कोविडचे पहिले निदान पुण्याच्या संस्थेने केले. जून २०२० संपण्यापूर्वी देशातील तपासणी केंद्रांची संख्या एक हजारापलीकडे गेली. पुण्याच्याच मायलॅब या कंपनीच्या संचास मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली व परदेशी संचांवरील अवलंबन कमी होऊ लागले. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही २०२० सालीच आरटी-पीसीआर तपासणीची सोय झाली. एरवी रात्रभराच्या प्रवासाला निघणारा नमुना आता जिल्ह्यातच तपासला जाऊ शकतो, ही युसूफ वडगावसारख्या गावासाठी लहान गोष्ट नव्हे.

लहान यंत्रांनीही मोठे काम सुरू केले आहे. गोव्यातील मोल्बिओ या कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि एका छोट्या चिपवर पीसीआर करते. मुख्यतः क्षयरोगासाठी वापरात आलेले हे यंत्र २०२० पासून कोविडसाठीही वापरले गेले. जपानी संशोधकांनी २००० साली मांडलेल्या लॅम्प पद्धतीत तर तापमान वरखाली करावेच लागत नाही. ६० ते ६५ अंशांच्या स्थिर तापमानात वृद्धी होते. जेथे वीज बेभरवशाची असते, तेथे अशा तंत्रांना भविष्य आहे. जलद प्रतिजन चाचणी याहूनही सोपी आहे. मात्र विषाणू कमी असेल, तर ती त्यास मुकते. म्हणून लक्षणे असूनही ती चाचणी नकारात्मक आल्यास आरटी-पीसीआर करणे आवश्यक ठरते.

ग्रामीण रुग्णालयाची जबाबदारी

यंत्र कितीही उत्तम असले, तरी जे नमुन्यात पोहोचलेच नाही ते त्यास सापडणार नाही. आणि नमुना घेणारा हात प्रयोगशाळेतील नसतो, तो आमच्यासारख्या रुग्णालयातील परिचारिकेचा असतो. अहवालाची निम्मी विश्वसनीयता आमच्या टेबलावरच ठरते, असे आम्ही मानतो. यास्तव पुढील बाबींचे पालन कटाक्षाने व्हावयास हवे.

१. *तापाचा कितवा दिवस, हे अर्जावर लिहावे.* डेंग्यू व चिकुनगुन्याचा आरएनए रक्तात मुख्यत्वे पहिल्या पाच दिवसांत सापडतो. त्यानंतर आलेल्या रुग्णासाठी प्रतिपिंडांची तपासणी अधिक उपयोगी पडते. झिकाचा आरएनए लघवीत रक्तापेक्षा अधिक दिवस टिकतो, म्हणून संशय असल्यास लघवीचा नमुनाही घ्यावा.

२. *योग्य साहित्य वापरावे.* स्वॅबची काडी कृत्रिम धाग्याच्या टोकाची असावी. कापसाची व लाकडी काडीची नसावी. रक्तासाठी हेपारिनची नळी वापरू नये, कारण हेपारिन पीसीआरची क्रिया रोखते. नमुना जोराने ओढल्याने रक्तपेशी फुटल्या, तर त्यांतील हिमोग्लोबिनही तोच अडथळा आणते.

३. *शीतसाखळी तुटू देऊ नये.* नमुना २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवून शक्यतो ४८ तासांत, फार तर ७२ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. त्याहून विलंब होणार असल्यास उणे ७० अंशांची व्यवस्था लागते. साध्या फ्रीजच्या बर्फकप्प्यात गोठवून पुन्हा वितळू दिलेला नमुना आरएनएच्या दृष्टीने वाया गेल्यासारखाच असतो.

४. *तिहेरी वेष्टन करावे.* नळी, तिच्याभोवती द्रव शोषणाऱ्या साहित्यासह गळतीरोधक डबा आणि बाहेर मजबूत पेटी. नाव, वय, दिनांक व वेळ नळीवर आणि अर्जावर सारखीच असावी.

५. *नकारात्मक अहवालाने संशय संपवू नये.* लक्षणे कायम असतील, तर नमुना कोणत्या दिवशी घेतला होता हे पाहावे व आवश्यक ती तपासणी पुन्हा करावी. डेंग्यूची शक्यता निर्विवादपणे दूर होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे.

या पाच बाबींपैकी एकीसाठीही महागडे यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त, बर्फाची पेटी, एक वाहन आणि वेळेवर रुग्णालयात येणारा रुग्ण. यांपैकी शेवटची गोष्ट समाजाच्या हाती आहे. पाच-सहा दिवस अंगावर काढलेला ताप घेऊन रुग्ण आला, तर आरएनए शोधण्याची वेळ टळून गेलेली असते. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक व ग्रामपंचायतींच्या सदस्यांना आमची विनंती आहे, की तापाच्या रुग्णास, विशेषतः गर्भवतीस व लहान मुलास, पहिल्या दोन दिवसांतच तपासणीस पाठवावे. तसेच पाणी साठविण्याचे रांजण, टाक्या व हौद आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. जो डास जन्मलाच नाही, त्याच्या विषाणूचा शोध घ्यावा लागत नाही.

विज्ञानाने तीस आवर्तनांत एका कणाचे शंभर कोटी करून दाखविले. तो एक कण सुखरूपपणे प्रयोगशाळेपर्यंत नेणे हे आपले काम आहे. ते आपण सर्व मिळून निष्ठेने पार पाडू, असा विश्वास व्यक्त करून हे विवेचन पूर्ण करीत आहोत.